वाचल्याबिगर घासायचं न्हाई

खरखरमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत फरशीवर उताणे पडलेले होते. मे महिना, लातूरचं ऊन आणि सत्तरीला टेकलेला माणूस. मला वाटलं, चक्कर येऊन पडले. पाण्याचा तांब्या घेऊन मी धावत गेले, तर मामा शांतपणे कठड्याच्या खालच्या बाजूकडे बघत होते आणि एका हाताने तिथली पोपडी खरवडत होते. नाकावर ओली दस्ती बांधलेली, डोळे बारीक केलेले, कपाळावर गंजाची भुकटी. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जंग खालून लागतो, ताई. वरून समदे बगतेत, खालून कोन बगतंय?" मी तांब्या तिथेच ठेवला आणि जिना उतरले. तीन मजल्यांचं वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईला असल्या गोष्टींचं कौतुक करायला फुरसत नसते.

मी मूळची नांदेडची. नवरा गेल्यावर लातूरच्या ह्या मुलींच्या खाजगी वसतिगृहात रेक्टर म्हणून आले आणि इथेच राहिले. आमच्याकडच्या मुली डॉक्टर व्हायला येतात. म्हणजे त्यांना तसं पाठवलेलं असतं. जूनमध्ये गाद्या, बादल्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन येतात, परीक्षा झाली की मे महिन्यात जातात. मधल्या पंधरा-वीस दिवसांत इमारतीची डागडुजी करायची आणि नव्या पालकांना ती नवीकोरी वाटेल अशी करून ठेवायची. मालक उदगीरचे आडत व्यापारी. त्यांचा रोज एकच फोन, "रंग झाला का?" रंगाआधी काही करावं लागतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मामा येईपर्यंत खरं तर माझ्याही नव्हतं.

कठडे गंजायचं कारण मुलीच. रविवारी सगळ्या एकदम कपडे धुणार, दोरीवर जागा पुरणार नाही, पिळायचा कंटाळा, मग ओल्या चादरी आणि कुर्ते सरळ कठड्यावर. पाणी लोखंडी नळीवरून ओघळतं आणि खालच्या बाजूला थेंब होऊन लोंबतं. तिथून गंज सुरू होतो. मग पांढऱ्या ओढणीवर तांबडा डाग पडतो आणि ओढणीवाल्या मुलीची आई मला फोन करते. अठरा वर्षांत मी पाण्याच्या टँकरपेक्षा जास्त वेळा ह्या डागांवर बोलले असेन. कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत अशी पाटी मी लावली होती. त्या पाटीवरही एकदा कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

मामा रेणापूरकडच्या एका खेड्यातून सकाळच्या पहिल्या एसटीने यायचे. खांद्याला खताच्या पिशवीची शिवलेली झोळी. तिच्यात तारेचे दोन ब्रश, करवतीच्या तुटक्या पात्याला चिंधी गुंडाळून केलेली खरवडणी, तंबाखूच्या डब्यात घडी घालून ठेवलेले पॉलिश पेपर आणि एका बाटलीत रॉकेल. आधी सुटलेला रंग खरवडायचा, मग ब्रशने गंज काढायचा, मग जाड पेपर, मग बारीक पेपर, शेवटी रॉकेलच्या चिंधीने पुसून घ्यायचं. घासलेल्या नळीवरून ते एक जुनी नायलॉनची ओढणी फिरवायचे. ती कुठे अडकली की पुन्हा घासायला बसायचे. "पोरी हात ठिवून उभ्या ऱ्हातेत हितं. कुसळ लागाय नाही पायजे." जेवढं घासलं तेवढ्याला त्याच दिवशी लाल प्रायमर लावूनच ते निघायचे. उघडं लोखंड दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा.

रंग मात्र ते देत नसत. तो द्यायला नंतर दुसरा रंगारी यायचा, मोबाईलवर गाणी लावून दोन दिवसांत चकचकीत निळा रंग मारून जायचा आणि मालक त्याची पाठ थोपटायचे. मामांना मी एकदा विचारलं, "तुम्हीच का नाही मारत रंग?" ते म्हणाले, "रंग कुनीबी मारतंय. रंगाखाली काय हाय ते मला म्हाईत असतंय, मंग मजा येत न्हाई." खरखर हे नाव मुलींनी ठेवलेलं. काही मुली मे महिन्यातही अभ्यासाला मागे राहायच्या, त्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो आवाज ऐकावा लागायचा. मामांना ह्या नावाचा राग नव्हता. एसटीच्या कंडक्टरनेही आपल्याला त्याच नावाने हाक मारावी असं त्यांना वाटत असावं, इतक्या खुशीत ते ओ द्यायचे.

आता त्यांच्या मुख्य खोडीकडे येते. तिने मला फार छळलं.

आमच्या मुली कठड्यावर कर्कटकाने कोरतात. नावं, चाचणीत पडलेले गुण, मेसच्या डाळीबद्दलची मतं, बदाम, बाण, रसायनशास्त्रातली सूत्रं. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण असं काही कोरलेलं दिसलं की त्यांचा हात थांबायचा. वरून हाक यायची, "ताई, हितं लिवलंय. वाचा की." मी म्हणायचे, "अहो, घासून टाका." ते म्हणायचे, "वाचल्याबिगर घासायचं न्हाई." मग मी वर जायचे, चष्मा लावून वाचायचे, "जयश्री, खोली नंबर बारा." मामा मान डोलवायचे, "हां. जयश्री. झालं," आणि घासायला लागायचे. एकदा एका ओळीला मी म्हटलं, "हे कसलंतरी सूत्र आहे, मला कळत नाही." बाजूच्या खोलीतल्या मुलीने डोकं बाहेर काढून सांगितलं, "मॅडम, ते गंजाचंच सूत्र आहे." मामा इतके हसले की त्यांना खोकल्याची ढास लागली. त्या दिवशी भेटेल त्याला ते सांगत होते, की जंगाचं बी लिखापढीत नाव हाय म्हणून.

ही खोड कुठून आली ते त्यांनी मला एका दुपारी जिन्यात भाकरी खाताना सांगितलं. त्यांच्याकडच्या एका देवळाला लोखंडी कठडा होता. त्याच्या एका खणावर, कुणाच्यातरी स्मरणार्थ, असं नाव पत्र्यावर कोरून बसवलेलं होतं. गावोगावी असतं तसंच. मामांनी इतर कठड्यासारखं तेही घासून सपाट केलं. त्यांना वाटलं, नक्षी आहे. पुढच्या सोमवारी एक म्हातारी आली. तिचा मुलगा गेलेला होता, नाव त्याचं होतं. म्हातारीलाही वाचता येत नव्हतं. ती दर सोमवारी येऊन त्या अक्षरांवरून हात फिरवायची.

"काय म्हणाली मग?" मी विचारलं.

"काय न्हाई म्हन्ली. हात फिरवून राहिली नुसती. हिकडं फिरवला, तिकडं फिरवला. मंग माज्याकडं बगून म्हन्ली, हितंच व्हतं ना रं?" मामांनी भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. "लोकं म्हन्ले, रंगाऱ्याकडून परत लिवून घेऊ. घेतलं बी. पर रंगानं लिवलेलं हाताला लागत न्हाई, ताई."

त्यानंतर मी दोन-तीन वर्षं न कुरकुरता वर गेले. पण माणूस थकतो. माझे गुडघे दुखायला लागले, प्रवेशाचे फोन वाढले, दुपारी ऑफिसच्या पंख्याखालून उठणं जिवावर यायला लागलं. मी आधी जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत जाऊन विचारायला लागले, "कसं दिसतंय ते सांगा." मामा वरून सांगायचे, "पयलं अक्षर गोल हाय, मंग काठी हाय, मंग पोट फुगल्यावानी." मी म्हणायचे, "नाव आहे, घासा." मग तेही बंद झालं. वरून हाक आली की मी खुर्चीतूनच ओरडायचे, "नाव आहे मामा, घासा!" थोडा वेळ शांतता असायची आणि मग खरखर सुरू व्हायची. फोटो काढून पाठवा म्हणावं तर त्यांचा फोन बटणांचा. असं तीन-चार वर्षं चाललं. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं हेही कबूल करून टाकते.

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे त्या मे महिन्यात परीक्षा झाली आणि दोन दिवसांत वसतिगृह रिकामं झालं. तिसऱ्या मजल्यावर एकच मुलगी मागे राहिली. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकडची, दुसऱ्यांदा परीक्षा दिलेली. नाव लिहीत नाही, उमरीची म्हणू. घरी पाहुणे आहेत, गोंधळ आहे, आठ दिवस राहते, असं ती म्हणाली. मी बरं म्हटलं. तिचे वडील, आप्पा, दर दोनेक दिवसांनी मला फोन करायचे. चांगली शेती असलेला, मोकळ्या मनाचा माणूस. त्यांनी गावात सांगून टाकलं होतं, की पोरगी डॉक्टर झाल्यात जमा आहे. पोरीने पेपर सोपा गेल्याचं कळवलं होतं. उत्तरं जाहीर झाल्यावर तिने गुण जुळवले असणार आणि तिला खरं काय ते कळलं असणार. ती जेवायला खाली येईनाशी झाली. माझ्या ते लक्षात आलं होतं. उन्हाने भूक मेली असेल, असं मी माझं मलाच सांगितलं आणि पुढच्या फोनला लागले.

मामा त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर पोचले होते. अकराच्या सुमाराला वरून हाक आली. मी नेहमीसारखी ओरडले, "नाव आहे, घासा!" खरखर सुरू झाली नाही. पाच मिनिटांनी मामा स्वतः ऑफिसच्या दारात उभे. तीन जिने उतरून आले होते. कामाच्या वेळात ते खाली आलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"ताई, वर या."

"अहो, सांगितलं ना, नाव आहे म्हणून."

"नाव न्हाई ते. नाव येवढं खोल कोरत न्हाई कुनी. आन् लई लांब हाय."

"मग सूत्र असेल. घासा, मालकांचा फोन येईल आता."

मामांनी दस्ती नाकावरून खाली ओढली. "नवं हाय ते, ताई. आतलं लोखंड चमकून राहिलंय, लाली धरली न्हाई अजून. शेजारी कूलरचं पाणी उडतंय, दोन दिसात जंग धरला असता तिथं. खाली फरशीवर कोरल्याला भुगा बी तसाच पडलाय. काल-परवाचं हाय. वर तर एकच पोरगी हाय."

मी म्हटलं, "हा फोन संपला की येते." मामा दारातच खाली बसले. म्हणाले, "मंग बसतो." आवाज चढवला नाही, काही नाही. पण तो माणूस कामाच्या वेळेला बसला, ह्याचाच मला राग आला. रागारागात मी उठले आणि गुडघ्यावर हात ठेवत, मामांना मनातल्या मनात बोल लावत तीन जिने चढले.

कठड्याच्या अगदी टोकाला, तिच्या खोलीसमोर, एक हातभर लांबीत अक्षरं होती. "आप्पा, मला नाही जमलं. माफ करा. माझी वाट बघू नका." निळा रंग फाडून आत लोखंडापर्यंत गेलेली. मी मामांना वाचून दाखवायचं विसरले. मागून मामा आले आणि त्यांनी फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तिच्या दाराकडे मान हलवली.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती कॉटवर बसली होती. समोर पुस्तकांचे चार गठ्ठे, प्रत्येकावर एका मैत्रिणीच्या नावाची चिठ्ठी. बाजूला एका पाकिटात कानातले, त्यावर लिहिलेलं, आईला. एखादी मुलगी घरी जायला निघते तेव्हा सामान बॅगेत भरते. हिची बॅग रिकामी होती. अठरा वर्षं मुलींशी बोललेली मी, आणि विचारलं काय तर, "जेवलीस का गं?" ती म्हणाली, "भूक नाही, मॅडम." मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरला.

तेवढ्यात बाहेर खरखर सुरू झाली. मामांनी ती अक्षरं सोडून पलीकडचा खण घ्यायला घेतला होता. थोड्या वेळाने ते बाहेरूनच म्हणाले, "पोरी, पानी दे गं जरासं. घसा कोरडा पडलाय." ती उठली. माठातलं पाणी नेऊन दिलं. थोड्या वेळाने, "एवढी चिंधी पिळून दे गं." पुन्हा थोड्या वेळाने, "माजा चष्मा न्हाई, बग बरं हितं काय जंग ऱ्हायला का." मामांनी जन्मात चष्मा लावलेला नव्हता. तासाभरात ती दारात उंबऱ्यावर बसली होती आणि मामा तिला गंजाचे प्रकार सांगत होते. मी आत बसून आप्पांना फोन लावला. म्हटलं, "पोरगी बरी आहे. पण तुम्ही आजच या." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. शेजाऱ्याची जीप घेऊन निघतो म्हणाले.

आप्पा येणार हे कळल्यावर ती पहिल्यांदा रडली. रडायला लागली ती थांबेचना. मग डोळे पुसून एकदम मामांना म्हणाली, "मामा, ते घासून टाका ना. आप्पा यायच्या आत घासून टाका."

मामा म्हणाले, "न्हाई बाई. ज्याला लिवलंय त्यानं वाचू दे. मंग घासतो."

"मामा, मी पाया पडते तुमच्या."

"वाचल्याबिगर घासायचं न्हाई."

मला राहवलं नाही. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "हट्ट करू नका. बापाला काय वाटेल ते वाचून? आपण समजावून सांगू त्यांना." खरं सांगायचं तर मलाही ते पुसलेलं हवं होतं. पोर वाचली, बाप येतोय, गोड बोलून दोघांना घरी पाठवू आणि मालकांच्या कानावर काही जाऊ नये, इतका साधा माझा हिशेब होता. मामा म्हणाले, "आज घासलं तर उद्या ती म्हनंल, काय न्हाई झालं, उगं डोकं दुकत व्हतं. बाप बी म्हनंल, बरं. आन् पुन्ना त्याच अभ्यासाला आनून बसवंल. मंग? मंग पुन्ना कोरायला ती हितंच येईल व्हय?" तेवढ्यात ती पॉलिश पेपर घेऊन स्वतःच घासायला धावली. मामांनी तिचा हात धरला नाही, फक्त अक्षरांवर आपला पंजा ठेवून उभे राहिले. ती त्यांच्या पंजाकडे बघत राहिली आणि मग खाली बसली.

दिवस कलला तेव्हा आप्पा आले. तोवर मामांनी तो सगळा मजला घासून त्याला लाल प्रायमर लावला होता. फक्त तेवढा हातभर तुकडा जुन्या निळ्या रंगाचा राहिला होता, त्यामुळे लांबूनच दिसत होता. आप्पांनी आधी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग मामांनी त्यांना कठड्याशी नेलं. आप्पा जेमतेम शिकलेले. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत त्यांनी वाचलं. शेवटच्या शब्दावर बोट बराच वेळ राहिलं. मग ते कठड्याला धरून खालीच बसले. मोठा माणूस, पांढरा सदरा, त्याला लाल प्रायमर लागलेला.

खालूनच ते म्हणाले, "मी वाट बगायची न्हाई, तर काय करायचं गं पोरी?"

ती भिंतीला टेकून उभी होती. "तुम्ही गावात सांगितलं होतं, आप्पा."

"सांगितलं व्हतं. उद्या जाऊन दुसरं सांगतो. माजी जीभ हाय." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "चल घरला. भुईमूग काढायचाय, मान्सं मिळून नाही राहिले. तुजी माय एकटीच बेजार झालीय." मग ते मामांकडे वळले आणि म्हणाले, "घासा आता."

अक्षरं खोल होती. घासायला वेळ लागला. उजेड जायच्या आत मामांनी त्यावर प्रायमर ओढला आणि शेवटच्या एसटीसाठी झोळी उचलली. आप्पांनी त्यांना जीपमधून स्टँडवर सोडलं. उमरीची पुढे देगलूरला नर्सिंगला गेली. हे मला नंतर कळलं.

पुढच्या वर्षी मालकांनी सगळे कठडे काढून स्टीलचे बसवले. गंज नाही, रंग नाही, दरवर्षीची कटकट नाही. मामांना फोन करून येऊ नका म्हणायचं मला झालं नाही. ते मे महिन्यात पहिल्या एसटीने झोळी घेऊन आले. खालच्या कठड्याला हात लावून बघितला, खाली वाकून पोटाकडूनही बघितलं. "चांगलं हाय," म्हणाले. मी त्यांना ऑफिसात बसवून चहा दिला. वर्षभर माझ्या मनात जे साचलं होतं ते त्या दिवशी बाहेर पडलं.

"मामा, उमरीच्या मुलीच्या आधी तीन-चार वर्षं मी न बघताच तुम्हाला सांगत होते. नाव आहे, नाव आहे म्हणून. एकदाही वर आले नव्हते."

मामा बशीतला चहा फुंकत होते. "म्हाईत हाय की," म्हणाले.

"मग तुम्ही घासलंत कसं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तीन जिने व्हते, ताई. तुमचे गुडगे दुकायचे, माजे बी दुकायचे. तुमी नाव म्हन्लं की माजी सुटका व्हायची. मला कळत नव्हतं असं न्हाई. कवाकवा हात थांबायचा. पर तुमी वरडल्या की परत चालू करायचो." मग त्यांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले. "त्यात कुनाचं काय व्हतं, आता कोन सांगनार?"

मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. मामांची नजर माझ्या मागच्या कपाटावर गेली. "पोरींचे नंबर असतेत न्हवं तुमच्याकडं?" मी म्हटलं, "प्रवेशाच्या वह्यांत आहेत, घरच्यांचे." ते म्हणाले, "मंग लावा की. एकेकीला लावा. कशी हाय म्हनून इचारा. येवढं तर करता येतंय."

पहिले तीन फोन आम्ही दोघांनी त्या टेबलावर बसून लावले. एक बंद होता. दुसरा एका मुलीच्या आईने उचलला, मुलगी संभाजीनगरला नोकरीला होती. तिसरी स्वतः बोलली, कडेवर लेकरू रडत होतं. "मॅडम, तुम्ही? काय झालं?" तिने घाबरून विचारलं. काही नाही गं, सहज, असं मी म्हटलं. मामा कान पुढे करून ऐकत होते. ती खळखळून हसली तेव्हा तेही हसले. मग झोळी उचलून दुपारच्याच एसटीने गेले. आमच्याकडे पुन्हा यायचं त्यांना कारण उरलं नव्हतं.

मी तेव्हापासून रोज दुपारी थोडे फोन लावते. त्या चार वर्षांतल्या सगळ्या मुली, तीन मजले. बरेच नंबर बदललेत. काही जणींना वाटतं, मी काहीतरी मागायला फोन केलाय. काही दोन-तीन मिनिटं बोलतात, एक-दोघी अर्धा-अर्धा तास. दोन घरी फोन उचलणाऱ्याने मुलीचं नाव ऐकून नुसताच ठेवून दिला. त्या वह्यांची पानं मी दुमडून ठेवलीत. त्या दोघींचा विचार आला की त्या दिवशी जेवण जात नाही. उमरीची मात्र पहिल्या घंटीला उचलते आणि मलाच विचारते, "मॅडम, जेवलात का?"

मामा महिन्याला एकदा बटणांच्या फोनवरून फोन करायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम विचारायचे, "किती जनींनी उचलला?" मी आकडा सांगायचे. ते म्हणायचे, "हां. झालं," आणि ठेवून द्यायचे. दिवाळीनंतर एका महिन्यात त्यांचा फोन आला नाही. मीच लावला तर सुनेने उचलला. खोकल्याचं निमित्त झालं होतं, मामा जाऊन आठवडा झाला होता. छातीत भुकटी साठली होती, असं डॉक्टर म्हणाले होते. मी फोन ठेवला. मग वही उघडली, कारण दुपार झाली होती.

त्या दिवशी मी सात जणींना फोन लावले. पाच जणींनी उचलले. आकडा मी मोजून तयार ठेवला आणि मग ध्यानात आलं, की विचारणारं कोणी नव्हतं.